दोन्ही पायांत की एकाच?

बाप गेला तो बर्फावर.
पिएलिनेन सरोवर, मार्चमधली सकाळ,
भोकात सोडलेली दोरी तशीच,
दोरीला मासा, तोही जिवंत.
त्रेपन्नाव्या वर्षी.
त्या काळी आमच्या लिएक्सात पुरुष असेच जायचे,
आणि बायका लोण्याच्या डब्याला झाकण लावून
तो परत फडताळात ठेवायच्या.

मी एकोणसत्तर.
बापापेक्षा सोळा हिवाळे म्हातारा.

सात पूर्णांक चार, डॉक्टरीण म्हणाली,
आणि कागद माझ्याकडे फिरवला,
वखारीतला कारकून लाकडाचं माप दाखवतो तसा.
रात्री एक गोळी.

या गोळीचं एक वाईट आहे.
दात दुखतो, गोळी घेतो, दात गप्प होतो,
मग माणसाचा विश्वास बसतो.
इथे आधी काही दुखत नव्हतं,
नंतरही नाही.
न घडलेल्या गोष्टीचे आभार
कुणाला जाऊन मानायचे?

नाताळाआधी खोकला लागला.
बदलीवरच्या डॉक्टरनं सात दिवसांचं औषध दिलं.
आणखी काही घेता का, त्यानं विचारलं असेल.
मी नाही म्हटलं असेन.
रात्रीच्या गोळीला मी औषध म्हणतच नव्हतो,
ती दात घासण्यासारखी.

मग मांड्या.
बर्चचे ओंडके फोडले होते अर्धी गाडी,
म्हणून कुऱ्हाडीवर आळ घेतला.
कुऱ्हाड टेकवून ठेवली, तरी जिना चढवेना.
सौनातल्या वरच्या फळीवर
भिंत धरधरून चढलो.
हेल्वीनं पाहिलं,
आणि न पाहिल्यासारखं निखाऱ्यांकडे पाहिलं.

मग आळ गोळीवर.
मुकाट सोडली.
रोज एक काढायचो नि कोटाच्या खिशात,
डबीतला खण रिकामा दिसावा म्हणून.

औषधाच्या दुकानात गेलो ते मलम मागायला.
रायली म्हणाली, कशाला हवंय?
मांड्यांना.
दोन्ही पायांत की एकाच?
दोन्ही.
लघवी काळपट होते का, कॉफीसारखी?
मागे रांगेत रेइयो उभा,
त्याच्याशी माझं बांधावरून भांडण.
नाही, म्हटलं, जरा मोठ्यानंच.
तिनं पडद्यावर पाहिलं, मग माझ्याकडे,
मग खोकल्याच्या औषधाचं नाव उच्चारलं,
चोराचं नाव घेतात तसं.

यकृतात एकच अरुंद दार, म्हणाली.
खोकल्याची गोळी उंबऱ्यात बसली,
रात्रीची आत साचत गेली.
मी कबूल केलं, सोडलीये.
तिनं कपाळाला हात लावला नाही.
थांबलात ते बरं झालं,
न सांगता थांबलात ते नाही.
आणि तिथूनच फोन लावला.

त्याच दुपारी रक्त काढलं.
स्नायूंचा आकडा वाढलेला, पण हाताबाहेर नाही.
मूत्रपिंडं शाबूत.
सहा आठवडे काही नको,
मग दुसरी गोळी, कमी ताकदीची,
आणि पुन्हा तपासणी.
घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी
मी पेन्सिलीनं लिहिली,
मासेमारीच्या परवान्यामागे.
तो मी कधी घरी विसरत नाही.

आता मार्च.
बर्फ अजून पायाखाली टणक.
भोकापर्यंत चालत आलो, बसलो,
आणि गुडघ्याच्या वर काहीतरी चावलं.
थांब, स्वतःला म्हटलं.
दोन्ही पायांत की एकाच?
एकाच. उजव्या.
ज्यावर टेकून बसतो तो.

आमिषाची डबी काढायला खिशात हात घातला
तर तळाशी, धाग्यादोऱ्यात, तीन जुन्या गोळ्या.
भोकात टाकणार होतो.
माशांनी काय घोडं मारलंय, हेल्वी म्हणाली असती.
रुमालात बांधल्या.
सोमवारी रायलीकडे परत द्यायच्यात.
दोरी हलली बहुतेक.